एंबडि पो

अम्माला टॉकीजला न्यायचं म्हटलं की आधी तिच्या गुडघ्यांचं बघावं लागतं. पायऱ्या किती, खुर्ची कोणत्या रांगेतली, मध्यंतरात तिला बाथरूमपर्यंत जाता येईल का. त्यामुळं गेली कित्येक वर्षं तिचा पिक्चर म्हणजे घरातला टीव्ही. पण २०२५ च्या जानेवारीत तिनं आपण होऊन विचारलं, "वेंकटेशचा नवा लागलाय म्हणं. गल्लीतल्या बायका बघून आल्या. मला कधी नेतीस?"

संक्रांत नुकतीच झाली होती. सकिनालूचा डबा अजून अर्धाही संपला नव्हता. सकिनालू म्हणजे भिजवलेल्या तांदळाचं ओलसर पीठ, त्यात तीळ, ओवा, मीठ. ते पीठ सुती कापडावर बोटांनी पिळत पिळत गोल फिरवायचं, एका कड्याबाहेर दुसरं, दुसऱ्याबाहेर तिसरं, आणि सुकत आलं की तळायचं. दिसायला चकलीसारखं, पण साचा नाही. सगळं काम अंगठा आणि पहिल्या दोन बोटांचं. करीमनगर-वरंगलकडची ही रीत आमची माणसं मागाच्या कामासाठी सोलापूरला आली तेव्हा बरोबर आली. अम्मानं चाळीस वर्षं विड्या वळल्या. पिठाला पीळ देताना तिची बोटं बघितली की मला मांडीवरचं सूप आणि पानात भरलेली तंबाखू दिसते, इतकी ती हालचाल एकच आहे.

आम्ही पूर्व भागातले पद्मशाली. घरात तेलुगू, शाळा मराठी, आणि दोन्ही भाषा एकमेकींत इतक्या मुरलेल्या की कोणता शब्द कुठला हे आम्हालाही थांबून आठवावं लागतं. मला तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही. माझ्या वयाच्या आमच्यातल्या बऱ्याच जणींचं असंच आहे. पोस्टरवरचं नाव आम्ही चेहऱ्यावरून ओळखतो. अम्मालाही लिपी येत नाही, पण तेलुगू पिक्चरचा हिरो वेंकटेश, त्याचा चेहरा ती तीस-पस्तीस वर्षांपासून ओळखते.

तर १९ तारखेच्या रविवारी आम्ही चौघं गेलो. मी, आमचे हे, मुलगा आणि अम्मा. बाल्कनी नको म्हणाली, खालचीच तिकिटं काढली.

'संक्रांतिकि वस्तुन्नाम' म्हणजे 'संक्रांतीला येतोय'. आला पण संक्रांतीलाच, १४ जानेवारीला. तेलुगू मुलखात संक्रांतीचा थाट आपल्या दिवाळीसारखा असतो. भोगी, संक्रांत, कनुमा असे तीन दिवस, आणि गोदावरीकाठच्या गावांत नव्या जावयाला सासरी बोलावून ताटात मावणार नाही इतकं वाढतात. मोठमोठे पिक्चर याच आठवड्यासाठी राखून ठेवलेले असतात. त्या साली १० तारखेला रामचरणचा 'गेम चेंजर' आला, १२ ला बालकृष्णचा 'डाकू महाराज', आणि शेवटी हा. बायकापोरांनी टॉकीज भरवली ती याची. दिग्दर्शक अनिल रविपुडी. वेंकटेशबरोबर त्याचा हा तिसरा. आधीचे दोन 'एफ २' आणि 'एफ ३'. 'एफ २' मध्ये बायकांना कंटाळलेले नवरे युरोपात पळून जातात. तो मी हैदराबादच्या मैत्रिणीच्या आग्रहानं पाहिला होता आणि मला तो मनापासून आवडला नव्हता. त्यातल्या बायका म्हणजे नवऱ्याच्या डोक्याचा ताप, एवढीच त्यांची ओळख. त्यामुळं या पिक्चरला मी अम्मासाठी गेले होते.

गोष्ट अशी. राजू हा एकेकाळचा नावाजलेला पोलीस. आता नोकरी सुटलेली, राजमहेंद्रीकडच्या एका गावात बायको आणि पोराबाळांत रमलेला. बायको भाग्यलक्ष्मी, सगळे तिला भाग्यम म्हणतात. तिकडं अमेरिकेहून आलेल्या एका बड्या कंपनीच्या साहेबाला गुंड उचलून नेतात. सरकारला बोभाटा नको असतो. अशा कामाला एकच माणूस चालेल असं एक आयपीएस बाई सुचवतात. त्यांचं नाव मीनाक्षी. राजू त्यांना प्रशिक्षण द्यायला होता आणि तेव्हा दोघांचं प्रेम होतं. त्या स्वतः त्याला न्यायला गावात येतात.

मराठीत 'संक्रांत आली' म्हणजे काय ते सांगायला नको. तेलुगूत तसं म्हणत नाहीत, तिथं संक्रांत शुभच. पण मी मराठी शाळेत शिकलेली. ती गाडी दारात उभी राहिली तेव्हा माझ्या मनात आपलीच म्हण आली.

आणि मग भाग्यम म्हणते, मीपण येणार. पोलिसांच्या कामगिरीवर. नवरा, नवऱ्याची जुनी प्रेयसी आणि मधे ती.

टॉकीजमध्ये एवढा हशा उठला की पुढची दोन वाक्यं ऐकूच आली नाहीत. आमच्या पुढच्या रांगेत सात-आठ बायका होत्या, एकाच गल्लीतल्या असाव्यात. त्यांतली एक उठून उभीच राहिली टाळ्या वाजवत. मी अम्माकडं बघितलं. ती हसत नव्हती. पुढं वाकली होती, दोन्ही हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर, आणि ओठ हलत होते. काय म्हणतेय ते मला त्या आवाजात कळलं नाही.

भाग्यमचं काम ऐश्वर्या राजेशनं केलंय. ती वाढली चेन्नईत, तमीळ पिक्चरमधून नावारूपाला आली, पण घराणं तेलुगूच. तिचे वडील राजेश तेलुगूत नट होते, आणि दिग्दर्शक जंध्याला यांच्या पिक्चरमधून घराघरांत पोचलेली विनोदी नटी श्रीलक्ष्मी ही तिची आत्या. हे मी अम्माला सांगितलं तर ती म्हणाली, "मग बरोबर. श्रीलक्ष्मीची भाची. डोळे बग की तिचे." खरंच, तिच्या डोळ्यांत संशय आणि माया एकाच वेळी दिसते. ती मीनाक्षीला टोमणे मारते, नवऱ्यावर करवादते, पण त्याला काही होईल म्हटल्यावर तिचा चेहरा पहिल्यांदा बदलतो. अशी बाई हास्यास्पद करणं फार सोपं होतं. तिनं तसं होऊ दिलं नाही. माझ्या मते पिक्चर तिच्यामुळं उभा आहे, वेंकटेशमुळं नाही, आणि वेंकटेशलाही ते ठाऊक असावं असं त्याच्या वागण्यावरून वाटतं. तो बाजूला सरकून तिला जागा देतो. मोठे नट सहसा असं करत नाहीत.

ते गोदावरीकाठचं गाणं तर वर्षभर आमच्या भागात प्रत्येक हळदीला वाजलं. रमणा गोगुला बऱ्याच वर्षांनी गायले, बरोबर मधुप्रिया, संगीत भीम्स सेसिरोलियो यांचं. मला त्या गाण्याचं अप्रूप वेगळ्या कारणासाठी आहे. लग्नाला बरीच वर्षं झालेलं जोडपं, घरात पोरंबाळं, आणि बायकोला नवऱ्याची ओढ आहे. ती ते लपवत नाही. आपल्याकडं प्रेमाचं गाणं लग्नाआधीचं, लग्नानंतरचं गाणं अंगाईचं, असा काहीतरी नियमच होऊन बसलाय.

जेलरच्या भूमिकेत आपले उपेंद्र लिमये दिसले तेव्हा मुलगा ओरडलाच, "आई, हा बघ!" त्याला ते 'अ‍ॅनिमल'मुळं माहीत. मी त्याला म्हटलं, 'जोगवा' बघ आधी, राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय त्यांना त्याच्यासाठी.

सगळंच आवडलं असं नाही. तुरुंगातला भाग लांबलाय आणि आरडाओरडा फार आहे. राजूचा पोरगा बुल्लिराजू मोबाईलवर मालिका बघून बघून शिव्या शिकलाय आणि येईल जाईल त्याला हासडतो. टॉकीजमध्ये सगळ्यात मोठ्यानं लोक त्यालाच हसले. एवढ्या लहान पोराच्या तोंडी तसलं घालून हशा मिळवणं मला पटलं नाही, मुलगा शेजारी बसला होता म्हणून तर नाहीच. पण माझी खरी तक्रार मीनाक्षीबद्दल आहे. एवढी शिकलेली, वर्दीतली बाई. तिला पोलिसांचं काम करताना आपण किती बघतो? दोन बायका आणि एक पुरुष या खेळात तिला बसवण्यासाठी वर्दी घातली की काय, असं वाटत राहिलं. तिनं काय गुन्हा केलाय? तिचं प्रेम तर आधीचं.

असो. आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते.

वेंकटेशला दोन बायकांच्या मधे मी पहिल्यांदा पाहिलं १९९६ मध्ये. 'इंट्लो इल्लालु, वंटिंट्लो प्रियुरालु'. इल्लु म्हणजे घर, इल्लालु म्हणजे घरची लक्ष्मी, वंटिल्लु म्हणजे स्वयंपाकघर आणि प्रियुरालु म्हणजे प्रेयसी. घरात बायको, स्वयंपाकघरात प्रेयसी. दिग्दर्शक ई. व्ही. व्ही. सत्यनारायण, बायको सौंदर्या, दुसरी विनीता. मूळ गोष्ट तमिळमधली. हिंदीत तिचाच 'घरवाली बाहरवाली' झाला, तो तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. नवरा नेपाळला जातो, तिथं दुसरीशी गाठ बांधली जाते, आणि मग ती त्याच्याच घरात येऊन राहते. बायकोला पत्ता नाही. नवरा या दारातून त्या दारात पळतोय, घाम पुसतोय, थापा मारतोय, आणि लोक पोट धरून हसतायत.

मी तेव्हा १२ वर्षांची. विड्यांचा हप्ता मिळाला की महिन्या-दोन महिन्यांतून एकदा अम्मा, चिन्नम्मा, शेजारच्या वदिना अशा पाच-सहा जणी मिळून जायच्या. डब्यात पुरी-भाजी, पोरं मांडीवर. चिन्नम्मा हसून हसून डोळे पुसत होती. मीपण हसले. अम्मा पण सुरुवातीला हसली. मग मधेच म्हणाली, "पाणी पिऊन येते", आणि गेली. मध्यंतर व्हायला अजून वेळ होता. ती परत आली ती थेट शेवटच्या गाण्याला. मी विचारलं तर म्हणाली, डोकं दुखत होतं. पुढं बरीच वर्षं मला एवढंच आठवत होतं की अम्माला तो पिक्चर आवडला नव्हता, आणि सौंदर्या मात्र आवडली होती. २००४ मध्ये सौंदर्याचं विमान पडलं, ती प्रचाराला करीमनगरला निघाली होती, तेव्हा अम्मा दिवसभर जेवली नाही. म्हणाली, आपल्या गावाकडं येत होती पोर.

नायना, म्हणजे माझे वडील, त्या काळात भिवंडीला होते. इथला माग बंद पडला की आमच्यातली माणसं भिवंडीला नाहीतर सुरतेला जायची, हे ठरलेलं. चार-चार महिने घरी येत नसत. रथाच्या वेळी, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा, यायचे. सुरुवातीला मनीऑर्डर दर महिन्याला यायची. मग दोन महिन्यांनी. मग अम्मा पोस्टमनकडं बघायची पण काही विचारायची नाही.

भिवंडीत मागवाले कामगार बिशीत जेवतात. बिशी म्हणजे खानावळ, एका खोलीत भात शिजतो, पंचवीस-तीस जणांची पंगत, महिन्याचा हिशेब वहीत. नायना ज्या बिशीत जेवायचे तिथं स्वयंपाक करणारी एक बाई होती. आमच्यातलीच, नवरा गेलेली. एवढंच मला माहीत आहे. तेही मोठी झाल्यावर, चिन्नम्माच्या तोंडून, अर्धंमुर्धं. घरात ते नाव कधी निघालं नाही. नायना १९९९ ला कायमचे परत आले, इथंच टॉवेलच्या कारखान्यात लागले आणि २०१४ ला वारले. अम्मानं त्यांचं शेवटपर्यंत सगळं केलं. दोघांत भांडण झाल्याचं मला आठवत नाही. फार बोलणं झाल्याचंही आठवत नाही.

मधली एक गोष्ट सांगायची राहिली. २००३ मध्ये तेलुगूत एक पिक्चर आला, 'पेळ्ळाम ऊरेळिते'. पेळ्ळाम म्हणजे बायको, ऊरु म्हणजे गाव. बायको गावाला गेली की. दिग्दर्शक एस. व्ही. कृष्णा रेड्डी, श्रीकांत आणि वेणू हे दोन नवरे. हाही मूळ तमिळच, 'चार्ली चॅप्लिन'. त्यावरून हिंदीत 'नो एंट्री', आणि २०१२ मध्ये अंकुश चौधरीनं मराठीत केला, 'नो एंट्री पुढे धोका आहे'. तेलुगू नाव मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतं. सगळी मजा त्या एका अटीवर उभी आहे, बायको घरात नाही. ती आली की दार लावून घ्या, पलंगाखाली लपा, काहीतरी सांगा. मोहात पडलेला नवरा हसवतो आणि हसवता हसवता सुटतो. माझ्या आठवणीतल्या अशा बहुतेक पिक्चरमध्ये शेवटी बायको माफ करते. तिनं मधले दोन तास कसे काढले ते कुणी दाखवत नाही, कारण ती गावाला गेलेली असते.

तो मराठी पिक्चर मी आणि ह्यांनी सोलापुरात पाहिला. आम्ही भरपूर हसलो, ते खरं सांगते. त्याच महिन्यात ह्यांना हैदराबादला नोकरी लागली होती. ठरलं होतं असं की हे पुढं जातील, दोन वर्षं काढतील, मी इथंच राहीन. माझी कारखान्यातली हिशेबाची नोकरी चांगली होती, मुलगा तीन वर्षांचा, सांभाळायला अम्मा होती. घरी आलो तर अम्मा लसूण सोलत बसली होती. विचारलं, कसला होता पिक्चर? मी गोष्ट सांगितली. ती ऐकत राहिली. मग सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकता टाकता तेलुगूत म्हणाली, "एंबडि पो."

एंबडि हा आमच्या बोलीतला शब्द. मागोमाग, बरोबर. एंबडि पो म्हणजे त्याच्याबरोबर जा.

मी म्हटलं, अम्मा, नोकरी? ती म्हणाली, नोकरी तिथं मिळंल. मी म्हटलं, तुझ्या विड्या, तुझे गुडघे, नायनांची तब्येत? ती म्हणाली, "मी बगते. तू पोराला घे आन् एंबडि पो." मला तेव्हा फार राग आला होता. माझ्या नवऱ्यावर विश्वास नाही का हिचा? माझ्या पगाराची काही किंमत नाही का? मी तीन दिवस तिच्याशी नीट बोलले नाही. आणि मग गेले. चार वर्षं हैदराबादेत राहिले. पहिले आठ महिने नोकरी नव्हती. बाजारात माझं सोलापुरी तेलुगू ऐकून भाजीवाली विचारायची, कुठल्या गावच्या तुम्ही? नायना गेले तेव्हा मी तिथं होते, रातोरात गाडी करून आले, आणि तरी उशीरच झाला. त्याबद्दल मी अम्माला मनातल्या मनात बरीच वर्षं बोल लावला.

त्या रविवारी पिक्चर सुटल्यावर रिक्षात अम्मा गप्प होती. घरी आल्यावर गुडघ्यांना तेल लावायला मी बसले. मुलगा आणि हे बाहेरच्या खोलीत बुल्लिराजूची नक्कल करत होते. मी सहज विचारलं, "तू मघाशी काय पुटपुटत होतीस? ती निघाली तेव्हा?"

ती म्हणाली, "तिला सांगत होते. एंबडि पो म्हणून."

मी हसले. ती हसली नाही. मग तिनं जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत लिहायचा प्रयत्न करते. ती तेलुगूत बोलत होती आणि मी मराठीत लिहितेय, एवढाच फरक.

"तुझ्या बापाकडं मीपण निघाले होते. तो पिक्चर बगितला ना आपण सगळ्या, त्याच्यानंतर आठ दिवसांनी. तुला अव्वाकडं ठेवलं. विड्याचे पैसे होते. रातच्या सिद्धेश्वरचं कल्याणचं तिकीट काढलं. कल्याणहून भिवंडीला कसं जायचं ते चिन्नम्माच्या नवऱ्याला विचारून ठेवलं होतं. गाडी लागली, डब्यात जाऊन बसले पण. खिडकीपाशी जागा मिळाली."

"मग?"

"मग डोक्यात आलं, सकाळी जाऊन पोचणार. जेवणाची वेळ होणार. बिशीत पंगत बसणार. मी पाव्हणी. मला ताटावर बसवतील, आणि वाढायला तीच येणार. भात वाढून मला विचारणार, अजून घालू का." अम्मानं पाय जवळ ओढून घेतला. "उतरले. गाडी सुटायला वेळ होता अजून."

तिकिटाचं काय केलंस, असं काहीतरी मी विचारलं. त्या वेळी सुचलं ते विचारलं. परत करायला गेले असते तर खिडकीतल्या माणसानं का म्हणून विचारलं असतं, ती म्हणाली. म्हणून नाही केलं. त्या काळी जाड पुठ्ठ्याची छोटी तिकिटं असायची. घरी येऊन चुलीत घातलं. "लवकर जळंना ते," म्हणाली.

मी तेलाची वाटी हातात घेऊन तशीच बसले. १९९६ साली मी १२ वर्षांची, अव्वाकडं झोपले होते, सकाळी अम्मा मला घ्यायला आली आणि शाळेत सोडून आली. मला त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं. पिक्चरमधली बायको स्वयंपाकघरात कोण आहे ते ओळखत नाही म्हणून लोक हसत होते. अम्माला तर ओळख होती. भिवंडीच्या त्या स्वयंपाकघरात कोण आहे हे तिला सोलापुरात बसून दिसत होतं. आणि त्या लोकांत बसून ती हसणार कशी?

भाग्यमकडं काय काय होतं ते मी नंतर मनात मांडत राहिले. दारात गाडी होती. मागं घर होतं, पोरांकडं बघणारी माणसं होती. वेंकटेश कुठंही गेला तरी तिच्याच हातचं जेवणार होता. अम्माकडं एक तिकीट होतं आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात द्यायच्या हजार विड्या. तरी ती डब्यात चढली होती, खिडकीपाशी बसली होती, हे मी आता कधी विसरणार नाही. आणि हैदराबादचं ते २०१२ सालचं बोलणं, त्याचा माझ्या नवऱ्यावरच्या विश्वासाशी काही संबंध नव्हता, हेही मला त्या रात्री कळलं. तेरा वर्षांनी.

ह्यांना मी हे सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी अम्माच्या चहात साखर त्यांनी घातली आणि कप तिच्या हातात नेऊन दिला. एरवी ते काम मुलाचं असतं.

मार्चच्या पहिल्या तारखेला पिक्चर झी फाइव्हवर आला. मी टीव्हीला लावून दिला. अम्मा सतरंजीवर, मांडीवर लसणाची परात. मला वाटलं गाणं लागलं की बघेल आणि मग झोपेल. ती गाण्यापाशीही थांबली नाही, "पुढं कर" म्हणाली. मीनाक्षीची गाडी गावात येते तिथंपर्यंत पुढं केलं. तिथून बघायला लागली. भाग्यम निघाली तेव्हा या वेळी टॉकीजचा गोंगाट नव्हता, त्यामुळं मला स्पष्ट ऐकू आलं.

"पो," ती टीव्हीकडं बघत म्हणाली. "पो बिड्डा. एंबडि पो."

मग तुरुंगाचा भाग सुरू झाला तशी म्हणाली, हे नको, परत मागं घे.